आतड्याची साक्ष

तारली भरल्या पोटी जाळ्यात आली आणि उन्हात तशीच पडून राहिली, तर दोन तासांत तिचं पोट फुटतं. कुणी कापत नाही. तिचाच पाचक रस तिला आतून खातो.

*

मोजपट्टी पुठ्ठ्याची असते. तिला गोल भोकं असतात. पंचवीस, अठ्ठावीस, बत्तीस, पस्तीस मिलिमीटर. ते लाल तोंड ज्या भोकातून न घासता बाहेर येईल, तो आपला आकार. भोक लहान कापलंत तर तोंड कापतं. मोठं कापलंत तर कातडी जळते.

*

आरोपी क्रमांक एकच्या घरात चार सुऱ्या सापडल्या. चारही मासे कापायच्या. चारही धुतलेल्या.

*

"आवशीचो घो! खोबरेल लावलंय तर काय झाला? माझ्या सासऱ्याची खरूज ह्याच तेलान बरी झाली!"

*

अंगावर लावलेल्या वैद्यकीय यंत्राची नोंद आता कोर्टात पुरावा म्हणून चालते. कलम लहान आहे, अडीच ओळींचं.

*

आपल्या माणसासाठी आतडं तुटतं, असं मराठी माणूस म्हणतो. सख्ख्याला आतड्याचं माणूस म्हणतो. शरीरशास्त्राच्या पुस्तकात हे नाही.

*

हे सगळं एका पोटावर येऊन थांबतं. ते पोट गौरेश तारीचं.

होडी

मालवणच्या उत्तरेला चिवळेवाडी नावाची मच्छीमारांची वस्ती आहे. तिथे गौरेश आणि त्याचा थोरला भाऊ रवळू यांची एक फायबरची होडी होती. गौरेश चौतीस वर्षांचा, तोंडाने फटकळ आणि हाताने त्याहून. रवळू एकोणचाळीसचा. दिवसाला वीस शब्द पुरवून वापरणारा.

मोठ्या नौका पाण्यात झगझगीत दिवे सोडून मासळी गोळा करत होत्या. किनाऱ्याच्या जाळ्यात नुसतं शेवाळ येत होतं. तेव्हा गौरेशने भर दुपारी एका दिव्याच्या नौकेवर चढून तिचा जनरेटर पेटवून दिला. त्यावर रवळू एवढंच म्हणाला, "जाळून काय गावला? ती माणसा आता आपल्याक सोडूची नाय." आणि तो समेट करायला म्हणून त्या नौकेच्या मालकाच्या घरी गेला. तिथे चहा प्यायला. वाडीने ते बघितलं.

आठव्या दिवशी सकाळी, दोघे भाऊ समुद्रात असताना, तिघे जण तारींच्या होडीवर चढले. त्यांनी गौरेशच्या डोक्यावरून जाळं टाकलं. जाळ्यातल्या माणसाला फक्त चौकोन दिसतात. आकाशाचे चौकोन, हाताचे चौकोन. कुणीतरी मागून त्याच्या काखांत हात घालून त्याला धरलं. कुणीतरी पुढून भोसकलं. एकदा. मग सुरी न काढता आडवी ओढली. गौरेशने स्वतःच्या पोटाचा आवाज ऐकला. ओली गोणी फाटावी तसा. पुढचं त्याला काही आठवत नव्हतं.

डॉक्टरांनी दीड फूट आतडं कापून टाकलं आणि उरलेल्याचं टोक पोटाला भोक पाडून बाहेर काढलं. नाभीच्या उजवीकडे एक लाल, ओलं तोंड. त्यावर पिशवी. शुद्धीवर आल्यावर गौरेशने ते पाहिलं आणि भिंतीकडे मान फिरवली.

तिघे पकडले गेले. सुरी कुणी चालवली ते सापडेल असं वाटत होतं. पण गौरेशच्या डोक्यात दुसराच प्रश्न कुजत होता. सुरीपासून माणूस निसटू शकतो. धरणाऱ्यापासून नाही. मागून धरणारा कोण?

गळती १, २, ३

पहिली गळती भोक मोठं कापल्यामुळे झाली. बत्तीसच्या जागी अडतीस. चकती, म्हणजे पिशवी जिच्यावर बसते ती चिकट गोल पट्टी, तिच्या आणि तोंडाच्या मधे नखाएवढी कातडी उघडी राहिली. मोठ्या आतड्यातला मैला दाट आणि थंड स्वभावाचा. लहान आतड्यातून येतं ते पाणी असतं आणि त्यात मांस विरघळवणारे रस असतात. त्याला मटण आणि कातडी यातला फरक कळत नाही. अर्ध्या तासात गौरेशच्या पोटावर फोड आले. तासाभरात ते फुटले. तो उशी दातांत धरून ओरडला.

दुसरी गळती आईमुळे. तिने लाल झालेल्या कातडीवर हळद घालून खोबरेल चोळलं. चकती दहा मिनिटांत घसरून मांडीवर आली. स्टोमाचं, म्हणजे पोटावर काढलेल्या अशा तोंडाचं, काम बघणाऱ्या पेडणेकर सिस्टर घरी आल्या, त्यांनी बोट लावून बघितलं आणि कपाळाला हात मारला.

"काकी, तव्याला तेल का लावता?"

"घावन सुटाक होयो म्हणून."

"मग?"

"मग ह्या काय घावन आसा?"

"घावनच समजा. फक्त हा सुटता कामा नये. नुसतं कोमट पाणी, टिपून कोरडं करायचं, ओल येत असेल तिथे चिमूटभर पावडर, जास्तीची झटकायची. साबण नको, तेल नको, तुमच्या सासऱ्यांची खरूज नको."

आई रागावली, पण बाटली उचलून घेऊन गेली.

तिसरी गळती पिशवी काठोकाठ भरू दिल्यामुळे. एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. गौरेशने मुद्दाम केली नाही. तिच्याकडे बघायचंच नव्हतं त्याला. वजनाने चकती ओढली गेली आणि कातडीचा वरचा पापुद्रा घेऊन उतरली.

त्या दिवसापासून चकती बदलायचं काम रवळूने घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. तो कोपरापर्यंत हात धुवायचा, तीनदा, साबण संपेपर्यंत. मापाने भोक कापायचा, कड बोटाने गुळगुळीत करायचा, पोटाच्या वळीत ताणून बसवायचा आणि वर तळहात ठेवून ऊब द्यायचा. मासळीच्या जाळ्याला गाठ मारणारी बोटं. चुकायची नाहीत.

"दुखता?"

"नाय."

"पोट सैल सोड."

एवढंच संभाषण.

चकती

सिस्टरांनी आणलेली नवी चकती वेगळी होती. तिच्या कडेत एक लगदा होता. गळतीचा पहिला थेंब लागला की तो फुगून वाट बंद करायचा. पण खरी करामत तिच्या कानात होती. आतडं गळायच्या आधी गुरगुरतं. चकती ती गुरगुर ऐकून सात-आठ मिनिटं आधी ओळखायची की लोंढा येतोय, आणि आपली कड घट्ट करायची. लाट यायच्या आधी दोर आवळावा तशी.

आता आतला आवाज ऐकायचा तर बाहेरचा वगळावा लागतो. म्हणून चकती बाहेरचे आवाजही शिकायची. नाव नाही, शब्द नाहीत, फक्त क्रमांक. बाहेरचा आवाज एक: खुद्द माणूस. दोन: आई. तीन. चार. हे आवाज वजा करून उरतं ते आतडं.

बनवणाऱ्यांना एवढंच हवं होतं. पण वजाबाकी करणाऱ्याला दोन्ही आकडे लिहून ठेवावे लागतात.

गळती ४ ते १४

या व्हायलाच नको होत्या. माप बरोबर, तेल नाही, पिशवी वेळेवर रिकामी. तरी आठवड्यातून दोनदा लोंढा असा यायचा की घट्ट झालेली कडही उखडायची. पोटावर तळहाताएवढी जागा सोलवटली. तिच्यातून लस यायची, लसेवर चकती बसायची नाही, न बसलेल्या चकतीखाली आणखी सोलवटायचं. गौरेश ओला टॉवेल दाबून जमिनीवर लोळायचा. एकदा त्याने स्वतःचं डोकं भिंतीवर आपटलं, दुखणं दुसरीकडे जावं म्हणून.

पेडणेकर सिस्टर चकतीची नोंद घेऊन बसल्या. वरून खाली बघितली, खालून वर बघितली. मग विचारलं, "बाहेरचा आवाज तीन कोणाचा?"

"माका काय म्हायत? यंत्र तुमचा."

"सोमवारी दहा वाजता कोण होतं?"

"दादा. चकती बदलूक."

"गुरुवारी?"

"दादा."

"शनिवारी गळती झाली तेव्हा चकती बदलायची नव्हती."

"दादा दारात उभो रवान आवशीक हाक मारी होतो," गौरेश म्हणाला आणि थांबला.

अकरा गळत्या. अकराही वेळा आवाज तीन कानावर पडल्यावर दीड मिनिटात आतडं मुठीसारखं आवळलेलं.

सिस्टरांनी आवाज सपाट ठेवला. "हे बघा, आतड्याला स्वतःच्या दहा कोटींच्या वर मज्जापेशी असतात. ते मेंदूला विचारत बसत नाही. एकदा फार मोठा मार बसला, की त्या वेळी जे जे आसपास होतं ते सगळं त्याच्या लक्षात राहतं. वास, आवाज. पुन्हा तो आवाज आला की ते आवळतं. पण त्याला 'का' कळत नाही. 'पुन्हा' एवढंच कळतं."

गौरेशला अर्धंच ऐकू आलं. अर्धं पुरेसं होतं.

पाच आवाज

सरकारी वकील सरमळकर बाईंना अडीच ओळींचं कलम तोंडपाठ होतं. त्यांनी पाच माणसांच्या आवाजात एकच वाक्य मुद्रित केलं: "जाळं ओढा, वारा फिरलाय." तीन आरोपी, एक पोलीस, एक रवळू. क्रम कुणाला सांगितला नाही. गौरेशला दवाखान्याच्या खोलीत झोपवलं, डोळ्यांवर पट्टी बांधली.

पहिला आवाज. आतडं शांत.

दुसरा. शांत.

तिसरा. शांत.

चौथा. गौरेशचे गुडघे आपोआप छातीकडे आले. पिशवी फुगली, गच्च झाली, चकतीची कड सुटली आणि पिवळं पाणी सोललेल्या मांसावरून कमरेकडे धावलं. तो किंचाळला. पाचवा आवाज लावायची गरज उरली नाही.

"आरोपींच्या आवाजाला काहीच नाही," वकीलबाई म्हणाल्या. "आणि सख्ख्या भावाच्या... आतडं खोटं बोलत नाही."

"आतडं बोलतच नाही, मॅडम," सिस्टर पोट पुसता पुसता म्हणाल्या. "आवळतं फक्त."

"धक्क्यावर उतरला तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत रक्ताने माखलेले होते. पंचनाम्यात आहे."

"भाऊ जखमी असताना हात कोरडे राहतील का?"

"का, कसं, ते कोर्ट बघेल. तुम्ही चकती बघा."

सिस्टरांनी चकती बघितली.

मांगर

भर बारा वाजता गौरेश मांगरात शिरला. मांगर म्हणजे किनाऱ्यावरची त्यांची, माडाच्या झावळ्यांच्या झापांची शेड. जाळी, दोर आणि मोडकी वल्ही ठेवायची जागा. रवळू मांडी घालून जाळं शिवत होता.

"खय गेल्लंस?" त्याने मान वर न करता विचारलं.

गौरेशचं पोट आवळलं. आता ते आवळताना त्याला समजत होतं. प्रत्येक कळ बोट दाखवत होती.

"दादा, त्या दिवशी होडीत तू काय करी होतंस?"

रवळूच्या हातातली सुई थांबली. कानशिलं पांढरी पडली. हा प्रश्न कधीतरी येणार हे त्याला ठाऊक असावं, तसा तो बसल्या जागी लहान झाला.

"कित्या इचारतंस?"

"सांग."

"गौऱ्या, माझा चुकला. मियां तुका धरललंय..."

त्याला पुढे काहीतरी म्हणायचं होतं. तोंड उघडंच होतं. त्या उघड्या तोंडावर गौरेशने वल्हं घातलं.

जबडा मोडल्याचा आवाज सुकी फांदी मोडल्यासारखा आला. दोन दात जाळ्यात पडले आणि जाळ्याच्या चौकोनांतून खाली वाळूत गेले. दुसरा घाव बरगड्यांवर. तिसरा त्याच जागी. रवळू पालथा पडला, पुन्हा उठला. त्याच्या तोंडातून रक्ताचा दोर लोंबत होता. त्याने हात उगारला नाही. तो गौरेशच्या पोटाकडे बघत होता. वल्हं फिरवताना चकती उखडली होती, पिशवी लोंबत होती, पाणी मांड्यांवरून गळत होतं. रवळू दोन्ही हात पुढे करून त्या पोटाकडे झेपावला.

गौरेशला वाटलं, पुन्हा धरतोय.

चौथा घाव त्याने डोक्यावर घातला.

जिल्हा रुग्णालय

दोघेही एकाच मजल्यावर. गौरेश बारा नंबरला, दारात पोलीस. रवळू एकोणीस नंबरला, दारात पोलीस. आई मधल्या बाकावर. दोन्ही दारं तिला सारखीच लांब होती. ती कुठल्याच दारात गेली नाही.

रवळूचा जबडा तारेने बांधलेला होता. शुद्धीवर आल्यावर हवालदार जबानी घ्यायला आला. माणूस वाईट नव्हता, घाईत होता.

"तू त्याला धरलं होतंस हे खरं?"

रवळूने मान हलवली. हो.

"कसं धरलंस?"

रवळूने दोन्ही तळवे स्वतःच्या पोटावर दाबले.

"पोटात दुखतंय होय? थांब, सिस्टरना सांगतो. आधी हे लिहून दे."

रवळूने पेन घेतलं. अक्षर मोठं, शाळकरी. *मी धरले. दोन्ही हातांनी. चूक माझी.* खाली सही केली. मग त्याने आणखी काही लिहायला हात पुढे केला. हवालदाराने पेनाला टोपण लावलं होतं.

बारा नंबरमध्ये चकती बसत नव्हती. दोन नर्स थकल्या. पोटाला आता व्रण, वळ आणि लस. सकाळी लावलेली दुपारी उतरायची. कातडीत जंतू शिरले, ताप चढला. डॉक्टर म्हणाले, दोन दिवसांत कातडी कोरडी झाली नाही तर विष रक्तात जाईल.

पेडणेकर सिस्टर एकोणीस नंबरला गेल्या आणि पोलिसाला म्हणाल्या, "याला दहा मिनिटं द्या मला."

"आरोपी आहे तो."

"ते पोट त्याला माहीत आहे. तुम्हाला माहीत असेल तर तुम्ही चला."

पोलिसाने बेडी एका मनगटातून काढली आणि दुसऱ्या मनगटात लोंबती ठेवली. रवळू आला. कोपरापर्यंत हात धुतले. एकदा. दोनदा. तीनदा. बेडीही धुतली. गौरेशने डोळे मिटून घेतले आणि कळ यायची वाट बघू लागला. मोजपट्टी. कात्री. कडेवरून फिरणारं बोट. पावडर, फुंकर, तारेतून निघालेली फुंकर शिट्टीसारखी वाजली. ताण. तळहात. ऊब.

कळ आली नाही.

रवळू गेला. बेडी दारापाशी वाजली. संध्याकाळी चकती जागेवर. दुसऱ्या दिवशी जागेवर. सहाव्या दिवशी सिस्टरांनी ती अलगद काढली, तेव्हा खाली नवी गुलाबी कातडी धरली होती. लहान मुलाच्या टाचेसारखी.

नोंदीत लिहिलं होतं: बाहेरचा आवाज, नाही. आकुंचन, नाही.

सिस्टर खुर्ची ओढून बसल्या. "गौरेश, हात तेच होते. आतडं गप्प राहिलं. ज्याने मागून धरलं, भोसकू दिलं, त्याचे हात पोटावर आले असते तर? आतडं हातांना भीत नाहीये. आवाजाला भीतंय. त्या दिवशी तो काहीतरी बोलत होता. काय बोलत होता, ते विचारा त्याला. जबडा सुटेपर्यंत थांबा. तीन आठवडे."

"साक्ष मंगळवारी आसा."

"तारीख मागता येते."

गौरेशने छताकडे बघितलं. छताला चौकोन होते.

सोमवारी वकीलबाई आल्या. त्यांच्या फायलीत रवळूचा कागद होता. मोठं, शाळकरी अक्षर. त्यांनी तो गौरेशच्या हातात दिला. त्याने तीन वाक्यं तीनदा वाचली. *धरले. दोन्ही हातांनी. चूक माझी.*

"तुमची सिस्टर भली बाई आहे," वकीलबाई म्हणाल्या. "पण हे त्याने स्वतः लिहिलंय. उद्या तारीख मागितलीत तर कोर्ट म्हणेल साक्षीदार फुटला. मग तिघेही सुटतील, चौथाही. तुम्ही आणि पिशवी राहाल."

मंगळवार

कोर्टात पंखा बंद होता. गौरेशच्या पाठीवरून घाम उतरत होता. घाम चकतीचा पहिला शत्रू. समोर रवळू उभा होता, तोंड तारेत, दोन्ही हात पुढे. तो गौरेशकडे बघत नव्हता. त्याच्या सदऱ्याखाली जिथे चकती असेल, तिथे बघत होता.

"तुम्हाला मागून कोणी धरलं होतं?" वकीलबाईंनी विचारलं.

मागच्या बाकावरून सिस्टरांनी मान नकारार्थी हलवली. गौरेशला ती दिसली. त्याने पोटावर हात ठेवला आणि आतड्याला विचारलं. आतडं गप्प होतं. समोरचा माणूस बोलत नव्हता.

"माझ्या भावान," गौरेश म्हणाला.

न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. पिशवी फुटली नाही. साक्षीदारही फुटला नाही.

*

धरणारा त्या तिघांतलाच एक होता. ते उतरून गेल्यावर धक्का गाठायला बेचाळीस मिनिटं लागली. तेवढा वेळ रवळूने मशीनचा दांडा मांडीखाली दाबून होडी हाकली, भावाचं बाहेर आलेलं आतडं दोन्ही हातांनी पोटात धरून ठेवलं, आणि त्याने निजू नये म्हणून तो त्याच्या कानाशी त्याचं नाव घेऊन ओरडत राहिला. दवाखान्यात एका शिकाऊ डॉक्टरने ते हात बघितले आणि म्हणाला, "मासळीचे हात आत घातलेत? आता तुमच्यामुळे याला पिशवी लागणार." रवळूने ते खरं मानलं. ते चूक होतं. पिशवी सुरीमुळे लागली.